कनिष्ठ, गरिष्ठ आणि उचित: कूपनवर खरेदी शिकताना

बेळगावात खडेबाजारात किंवा एखाद्या सुपरमार्केटच्या दारात 'ओंदु कोंडरे ओंदु उचित' असा कन्नड फलक लागलेला दिसतो. त्यातलं 'उचित' म्हणजे योग्य नव्हे, फुकट. एक घेतलं की एक फुकट. कन्नड वाचता येणाऱ्या मराठी माणसालाही हा शब्द पहिल्यांदा चकवतो. आणखी दोन शब्द असेच ओळखीचे वाटतात आणि फसवतात: कनिष्ठ आणि गरिष्ठ. कन्नडमध्ये कनिष्ठ म्हणजे कमीत कमी आणि गरिष्ठ म्हणजे जास्तीत जास्त. पाकिटावरची एमआरपी कन्नडमध्ये 'गरिष्ठ' किंमत होते, ती या अर्थाने. आपल्याकडे गरिष्ठ म्हणजे पचायला जड, आणि काही एमआरपी बघितल्या तर तोही अर्थ लागू पडतो.

कूपन शिकायचं तर याच दोन शब्दांपासून सुरुवात करावी. कमीत कमी किती रुपयांची खरेदी हवी आणि जास्तीत जास्त किती रुपये सुटणार, हे दोन आकडे कळले की कूपन कळलं. मोठ्या अक्षरातली टक्केवारी नंतर बघितली तरी चालते. टक्क्यांच्या पुढे बारीक अक्षरात 'वरेगे' असेल तर त्याचा अर्थ 'पर्यंत'. 'शेकडा 50 रवरेगे रियायिती' म्हणजे पन्नास टक्क्यांपर्यंत सूट. ती पाच टक्केही असू शकते. आणि 'षरत्तुगळु अन्वय' म्हणजे अटी लागू.

समजा अ‍ॅपवर कूपन आहे: 20 टक्के सूट, जास्तीत जास्त 100 रुपये, किमान खरेदी 399. सूट 100 ला अडते, म्हणजे 500 रुपयांच्या खरेदीवर ती पूर्ण मिळते. 399 ला थांबलात तर 80 रुपयेच सुटतात. 800 ची खरेदी केली तरी 100 च, म्हणजे प्रत्यक्षात साडेबारा टक्के. 1200 ला सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास. हिशेब सोपा आहे: जास्तीत जास्त सुटीला टक्क्यांनी भागायचं आणि 100 ने गुणायचं. 100 भागिले 20 म्हणजे 5, गुणिले 100 म्हणजे 500. त्या आकड्याच्या जवळ यादी थांबवायची. उरलेलं सामान पुढच्या कूपनला.

'सरसकट 75 रुपये सूट, किमान 599' अशा कूपनचं उलट असतं. तिथे 599 ला जितकं चिकटून थांबाल तितकं बरं. 599 वर ते साडेबारा टक्के पडतं, 900 वर सव्वाआठ. नवखी माणसं नेमकी इथे घसरतात. 560 ची यादी झाली की 39 रुपये भरायला सव्वाशेचा चॉकलेटचा डबा टाकतात. 75 वाचवायला नको असलेले सव्वाशे गेले. त्याऐवजी नेहमी लागणाऱ्या लहान वस्तूंची एक 'भरती यादी' आधीच करून ठेवावी: माचिसचा पुडा, भांड्यांची वडी, मिठाची पिशवी, अगरबत्ती. कमी पडणारे रुपये त्यातून भरायचे.

किमान खरेदी मोजतात ती बहुतेक वेळा विक्रीच्या किमतीवर, एमआरपीवर नव्हे. काही माल त्या मोजणीत धरतच नाहीत. तेल, तूप, साखर, दूध हे वगळलेलं अनेकदा आढळतं. बाळाच्या डब्याच्या दुधाची गोष्ट तर वेगळीच आहे: 1992 च्या कायद्याने त्यावर सूट, भेटवस्तू, जाहिरात असं काहीच देता येत नाही. तिथे कूपन लागलं नाही तर कोड चुकला म्हणून पुन्हा पुन्हा घालत बसू नये.

खरी गोम मात्र वेगळी आहे. सूट कशावरून मोजली हे बघायचं. तूरडाळीच्या पाकिटावर एमआरपी 220 छापलेली, वर '30 टक्के सूट', म्हणजे 154. वाटलं 66 वाचले. बेळगावच्या रविवार पेठेत तशीच सुटी डाळ समजा 140 ला मिळते, तर वाचले काहीच नाहीत, 14 जास्तच गेले. पाकीटबंद डाळ, पोहे, सुका मेवा, मसाले यांच्या एमआरपीला आणि बाजारभावाला एकमेकांचं तोंड बघायची सवय नसते. साबण, टूथपेस्ट, शॅम्पू, सॅनिटरी पॅड, बाळाचे डायपर, कपड्यांची पावडर यांचं तसं नाही. ते गल्लीतल्या दुकानातही साधारण छापील किमतीलाच मिळतं, म्हणून त्यावर सुटलेले दहा रुपये खरेच दहा रुपये असतात. कूपन वापरायचं ते इथे.

तांदूळ, ज्वारी, गूळ, भाजी, संकेश्वरी मिरची, घाण्याचं शेंगतेल यांना कूपनच्या यादीत घेऊ नये. बेळगाव बासमती घेताना तर दाणा हातात घेऊन, वास घेऊन बघावा लागतो. मोबाइलच्या पडद्यावर वास येत नाही.

म्हणून कूपन शोधण्याच्या आधी वही. महिनाभराची बिलं जमवायची आणि आपल्या घरात वारंवार लागणाऱ्या पंधरा वस्तू लिहायच्या. प्रत्येकीपुढे वजन, दिलेली किंमत, दुकान, तारीख आणि 100 ग्रॅमचा किंवा 100 मिलीचा भाव. किमतीला ग्रॅमने भागून 100 ने गुणलं की तो मिळतो; मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दहा सेकंदांचं काम. अलीकडच्या बऱ्याच पाकिटांवर एमआरपीच्या जवळ प्रति ग्रॅम किंवा प्रति मिली भाव छापलेला असतो, पण तो एमआरपीवरून काढलेला असतो, तुमच्या बिलावरून नव्हे. किराणा दुकानदाराकडून उधारीच्या चोपडीवर माल येत असेल तर त्याच्याकडून महिन्याला एकदा भाव उतरवून घ्यावेत. तो नाही म्हणत नाही.

ही वही हातात असली की 'एक मोफत' लगेच उघडं पडतं. समजा 100 ग्रॅमचे चार साबण आणि एक फुकट, मिळून 180 रुपये. बाजूला 125 ग्रॅमच्या चार वड्यांचा पुडा 172 ला. दोन्हींत साबण 500 ग्रॅमच. पहिल्यात 100 ग्रॅमला 36 रुपये पडले, दुसऱ्यात 34 रुपये 40 पैसे. फुकटचा महाग पडला.

तेलात आणखी एक फसगत आहे. एक लिटर तेलाचं वजन साधारण 910 ग्रॅम भरतं. म्हणून 'एक लिटर' आणि 'एक किलो' यांची तुलना तशीच करू नये. वरून काही पिशव्या 1 लिटरच्या आकाराच्या दिसतात आणि आत 800 मिली किंवा 850 ग्रॅम असतं. फोटो बघून टोपलीत टाकलं की वीस रुपयांची सूट आणि दोनशे मिलीचा खड्डा असा व्यवहार होतो. आकडा वाचूनच बोट लावायचं.

आता अ‍ॅपवरचा क्रम. सुरुवातीला एकच अ‍ॅप आणि एकच दुकान धरावं, तीन महिने तरी. आधी पिन कोड घालायचा, मग सामान, मग कूपन. बेळगाव शहराचा 590 ने आणि जिल्ह्यातल्या बाकी बहुतेक गावांचा 591 ने सुरू होतो. चंदगड, गडहिंग्लजकडचा 416 ने. सीमेवर हा फरक महत्त्वाचा आहे, कारण कूपन शहरावर किंवा दुकानाच्या शाखेवर बांधलेलं असतं. कोल्हापूरच्या पाहुण्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं कूपन खानापूरला लागत नाही, यात तुमचं काही चुकलेलं नसतं. कागल-निपाणीच्या पट्ट्यात मोबाइल आपोआप ठिकाण शोधतो तेव्हा कधी पलीकडचं गाव धरतो. ठिकाण हाताने लिहावं. यादीत बेळगाव नाव सापडलं नाही तर 'बेळगावी' शोधावं. शहराचं अधिकृत नाव 1 नोव्हेंबर 2014 ला बदललं, पण सगळ्या याद्या बदललेल्या नाहीत.

कोड घातला आणि 'चालत नाही' असं आलं, तर कारणं ठरलेली असतात. कॉपी करताना मागे रिकामी जागा आली. शून्य आणि इंग्रजी ओ यांची गल्लत झाली. मुदत काल रात्री बाराला संपली. कूपन फक्त नव्या ग्राहकाला होतं आणि तुमच्या घरातल्या कुणीतरी त्याच पत्त्यावर ते वापरलंय. किंवा पैसे भरायची पद्धत चुकली: कूपन कार्डाचं आणि तुम्ही निवडलंय रोख. हे सगळं तपासून लागलं नाही तर सोडून द्यावं. कूपन लागत नाही म्हणून यादी वाढवणं हा सगळ्यात महाग उपाय.

पैसे भरण्याच्या आधी शेवटचं पान पूर्ण वाचायचं. समजा पोहोचवण्याचे 30 आणि हाताळणीचे 9 धरले, तर 100 च्या सुटीतले 61 च उरले. वहीत लिहायचा भाव या शेवटच्या आकड्यावरून काढायचा, सुटीच्या हिरव्या आकड्यावरून नव्हे.

बँकेच्या कार्डावरची सूट दोन प्रकारची. एक तिथल्या तिथे बिलातून वजा होते. दुसरी कॅशबॅक, ती पुढे कधीतरी येते, आणि काही वेळा त्याच अ‍ॅपच्या पाकिटात अडकते, म्हणजे पुन्हा तिथेच खर्च करावी लागते. दोन्ही सारख्याच दिसल्या तर पहिली घ्यावी. 'फक्त ईएमआय'वर असलेली सूट किराण्याला कामाची नाही. आपल्याकडे बऱ्याच घरांचा व्यवहार सौहार्द सोसायटीत (कर्नाटकातली सहकारी संस्था) किंवा पतसंस्थेत असतो. त्यांची नावं या ऑफरमध्ये सहसा नसतात. पण केवळ ऑफरसाठी क्रेडिट कार्ड काढू नये. एका महिन्याचं व्याज भरलं की वर्षाची कूपनं धुऊन गेली. यूपीआयवर मिळणाऱ्या स्क्रॅच कार्डांत बहुतेक दुसऱ्याच कुठल्या तरी दुकानाची कूपनं निघतात. वहीतल्या पंधरा वस्तूंपैकी काही त्यात नसेल तर तिकडे बघूही नये.

निपाणीहून ऑफरसाठी कोल्हापूर गाठणाऱ्यांनी गाडीचाही हिशेब करावा. जाऊन-येऊन सुमारे 80 किलोमीटर. लिटरला 50 देणाऱ्या मोटारसायकलला 1.6 लिटर पेट्रोल लागतं आणि पेट्रोल शंभराच्या वर आहे. दीडशेहून जास्त रुपये तिथेच गेले. चारचाकी असेल तर कोगनोळीचा टोलही धरा. दवाखान्याला किंवा लग्नाच्या बस्त्याला जाणं झालंच, तर जोडीला कूपन ठीक.

गल्लीतल्या दुकानाला कूपन नसतं असं वाटतं, तेही खरं नाही. तिथे त्याला 'स्कीम' म्हणतात. वितरक दुकानदाराला 'बारावर एक' असा माल देतो. "यावर स्कीम काय हाय?" एवढं विचारायचं. दोन-तीन घरांनी मिळून साबणाची किंवा बिस्किटांची पूर्ण पेटी उचलली तर दुकानदार त्यातला थोडा वाटा सोडतो. ना कोड, ना पोहोचवण्याचे पैसे.

माल परत करताना कूपन आपला वाटा मागतं. 599 च्या खरेदीवर 75 सुटले आणि त्यातली 200 ची वस्तू परत केली, तर 200 मिळत नाहीत. त्या वस्तूच्या वाट्याची सूट 25 रुपये, म्हणून हातात येतात 175. काही ठिकाणी खरेदी किमान आकड्याच्या खाली गेली म्हणून पूर्ण सूटच परत घेतात. शंका असलेली वस्तू, म्हणजे आधी कधी न वापरलेलं तेल किंवा नवीन ब्रँड, वेगळ्या ऑर्डरमध्ये मागवावी.

साठा किती करायचा? पुडा उघडला की त्यावर पेनाने तारीख घालायची आणि संपला की दिवस मोजायचे. असे दोन पुडे झाले की महिन्याचा खप कळतो. तीन महिन्यांच्या वर भरू नये, आणि एकावर एक फुकट मिळणाऱ्या मालाची मुदत दोन्ही नगांवर बघावी. जवळ आलेली मुदत हेच पुष्कळदा त्या औदार्याचं कारण असतं. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे जून ते सप्टेंबर तीन महिन्यांचाही हट्ट नको. तिथल्या हवेत कपड्यांच्या पावडरीचा दगड होतो, बिस्किटं मऊ पडतात, रव्यात सोंडे होतात. पावसाळ्यात साठवायचाच तर साबण, टूथपेस्ट, बाटलीतला माल.

कूपनच्या नावाने फोन आला तर ओटीपी सांगू नये. पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही; पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्याकडून जाणार. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन करावा. एमआरपीपेक्षा जास्त घेतले किंवा छापलेली सूट बिलात दिली नाही, तर ग्राहक हेल्पलाइन 1915. त्यासाठी फलकाचा फोटो आणि बिल दोन्ही हवीत, आणि फोटोत बारीक अक्षरांची ओळही यायला हवी.

वहीतले भाव तीन महिन्यांनी पुन्हा उतरवावेत. 22 सप्टेंबर 2025 ला अंगाचा साबण, शॅम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल यांवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला. ज्यांच्या वहीत त्याआधीचेच भाव राहिले, त्यांना नुसता कर उतरलेला माल कूपनने स्वस्त झाल्यासारखा दिसतो.