बोल्डरमध्ये इको पास मिळवताना

कोलोरॅडोतल्या बोल्डर शहरात, पर्ल स्ट्रीटवरच्या एका दुकानात मला हिशेबाचं काम मिळालं. आम्ही राहतो जवळच्या लुईसव्हिल गावात. घरात गाडी एक, ती नवरा नेतो. दुसरी घेतली असती तरी पर्ल स्ट्रीटच्या आसपास दिवसभराचं पार्किंग परवडलं नसतं. म्हणजे बसला पर्याय नव्हता. तिकीट एका वेळचं पावणेतीन डॉलर, महिन्याचा पास 88 डॉलर. शेजारच्या दुकानातल्या बाई म्हणाल्या, "तू तिकीट का काढतेस? आपल्याला इको पास फुकट असतो."

इको पास ही डेन्व्हर परिसरातल्या आरटीडी या सरकारी बससेवेची योजना. एरवी कंपनीने आपल्या कामगारांसाठी तो एकगठ्ठा विकत घ्यायचा असतो. बोल्डरमध्ये मात्र शहराच्या मध्यवर्ती भागातल्या पूर्णवेळ कामगारांचा खर्च शहर उचलतं, आणि तोही पार्किंगच्या उत्पन्नातून. इथल्या व्यापारी भागात पार्किंगची सोय करण्यासाठी 1970 साली एक खास क्षेत्र आखलं गेलं. तिथल्या मीटरवर आणि पार्किंगच्या इमारतींमध्ये गाडीवाले जे पैसे भरतात, त्यातून आमच्या पासाची सोय होते. हे मला मनापासून पटतं. कामावर आलेल्या माणसाची गाडी सकाळपासून संध्याकाळपर्यंत एक जागा अडवून बसते. तीच जागा मोकळी राहिली तर दिवसात कितीतरी गिऱ्हाइकं येऊन जातात. शिवाय बहुमजली पार्किंगमध्ये एकेक जागा बांधायला हजारो डॉलर लागतात. त्यापुढे पास स्वस्तच पडतो, त्यामुळे त्याला कोणी दानधर्म समजू नये.

आता पास मिळवण्याबद्दल. मॅनेजरला विचारलं की उत्तर यायचं, "वर कळवते." पुढे काहीच हलायचं नाही. मग समजलं की प्रत्येक दुकानातला एक माणूस इको पासची यादी सांभाळतो. नवीन नाव घालणं, सोडून गेलेल्याचं काढणं हे त्याचं काम. आमच्याकडचा तो माणूस नोकरी सोडून गेला होता आणि त्याच्या जागी कोणाचंच नाव दिलेलं नव्हतं. त्यात माझी सुरुवात अर्धवेळ झालेली. तास वाढले, पण कागदावर मी अर्धवेळच राहिले होते. शेवटी पगाराच्या चिठ्ठ्या घेऊन मी थेट मालकांसमोर बसले आणि म्हटलं, यादीचं काम माझ्याकडे द्या. त्यांनी लगेच दिलं. नोंद दुरुस्त झाली, फोटो गेला, कार्ड आलं. कामाला नवीन लागणाऱ्यांना म्हणूनच सांगते: मॅनेजरच्या मागे लागू नका, यादी कोणाकडे आहे ते आधी शोधा. आणि दुकान त्या खास क्षेत्राच्या हद्दीत आहे का तेही बघून घ्या, कारण काम तेच असलं तरी हद्दीबाहेर ही सोय लागू होत नाही.

आता लुईसव्हिलहून बोल्डरला जाणाऱ्या डॅश नावाच्या बसमध्ये चढताना कार्ड टेकवते आणि थेट बोल्डरच्या डाउनटाउन स्टेशनला उतरते. बर्फाच्या दिवसांत तर गाडी चालवावी लागत नाही याचंच सुख मोठं. हेच कार्ड विमानतळाच्या बसलाही चालतं, ज्याचं एका वेळचं तिकीट एरवी 10 डॉलर आहे. आईबाबा नाशिकहून आले तेव्हा त्यांना आणायला मी त्याच बसने गेले. पासाबरोबर आणखी एक सोय मिळते, ती फारशी कोणाला माहीत नसते: अचानक अडचण आली तर घरी जायला टॅक्सी, तीही मोफत. मुलीला ताप आल्याचा शाळेतून फोन आला, तेव्हा ती टॅक्सी मिळाली म्हणून मी वेळेत पोचले.

एक गोष्ट मात्र मला सलते. पर्ल स्ट्रीटवरच्या हॉटेलांत भांडी घासणारे, टेबलं पुसणारे बरेच जण दोन ठिकाणी अर्धवेळ राबतात. दोन्हींचे तास मिळवले तर माझ्यापेक्षा जास्त भरतील, पण पूर्णवेळ ते कुठल्याच यादीत नाहीत. बोल्डरची घरभाडी त्यांच्या आवाक्यात नाहीत, म्हणून ते लाँगमाँट, लाफाएट अशा आसपासच्या गावांहून येतात. बसची खरी गरज त्यांना. हद्दीतल्या सगळ्या नोकऱ्यांचे तास एकत्र धरून पास द्यावा, असं मी बोल्डरच्या नगरसेवकांना लिहिलं आहे, आणि आमच्या गल्लीतल्या दुकानदारांच्या सह्याही गोळा करते आहे.