चिपळूणहून आलेल्या दोन डिस्क

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. त्यानंतर आमच्या पुण्यातल्या डेटा रिकव्हरीच्या टेबलावर नुसता चिखल येत होता. दुकानांचं टॅली, स्टुडिओंचे लग्नाचे फोटो, वकिलांच्या फायली. त्या गर्दीत एक गृहस्थ दोन डिस्क घेऊन आले. एक घरच्या कॉम्प्युटरमधली, दुसरी बॅकअपची. दोन्हींवर त्यांच्या वडिलांच्या आवाजातलं नमन, म्हणजे कोकणातलं गाण्या-नाचाचं लोकनाट्य, होतं. गण, गवळण, सगळं. वडिलांची उभी हयात गावच्या मंडळात गाण्यात गेलेली. पदं कागदावर कधी उतरलीच नाहीत.

बॅकअप होता, पण कॉम्प्युटरच्याच टेबलाच्या खणात. पुराला दोन प्रती वेगळ्या दिसत नाहीत.

बॅकअपची डिस्क कुणीतरी उन्हात वाळवून लॅपटॉपला लावून पाहिली होती. झाकण काढलं आणि ज्यावर डेटा साठतो त्या आतल्या तबकडीवर गोल चरे दिसले. हार्डडिस्क हवाबंद असते असं लोकांना वाटतं. हेलियम भरलेल्या डिस्क सोडल्या, तर झाकणाला दाब सारखा राहावा म्हणून बारीक भोक असतं. त्यातला फिल्टर धूळ अडवतो, पुराचं पाणी अडवत नाही. आणि आत वाचणारं हेड तबकडीपासून जेमतेम काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. तिथे वाळलेल्या गाळाचा कण म्हणजे वाटेतला धोंडाच. डिस्क फिरली, हेड आपटलं, चुंबकीय थर खरवडून निघाला. जो थर गेला, त्यावरचं कुणालाच परत आणता येत नाही.

दुसरी डिस्क ओल्या फडक्यात, प्लास्टिकच्या पिशवीत होती. "सुकवायला सवडच मिळाली नाही हो," ते ओशाळून म्हणाले. मला तर हायसं वाटलं. गाळ ओला असेपर्यंत धुऊन निघतो, वाळला की तबकडीला धरून बसतो. तांदळात ठेवणं, ड्रायर मारणं, 'एकदा चालू करून बघू' म्हणणं, यानं जेवढा डेटा जातो तेवढा पाण्यानं जात नाही, हे माझं ठाम मत आहे.

तबकडी एकच होती, हे नशीब. ती स्वच्छ हवेच्या बेंचवर धुतली आणि त्याच मॉडेलच्या चांगल्या डिस्कमध्ये बसवली. मूळ डिस्कच्या सर्किट बोर्डावरची रॉम चिपही या डिस्कच्या बोर्डावर आणली, कारण मूळ डिस्कची स्वतःची मोजमापं तिच्यात असतात. मग क्लोन, म्हणजे सगळ्या डिस्कची दुसऱ्या डिस्कवर हुबेहूब प्रत. आधी सहज वाचता येणारा भाग उचलायचा, अडेल तिथे हट्ट न करता पुढे जायचं, आणि उरलेल्या जागांकडे शेवटी वळायचं. उसनं हेड कधी दगा देईल सांगता येत नाही.

बरंचसं आलं. एक गवळण मात्र मध्येच तुटत होती. खात्री करून घ्यायला त्यांनी वडिलांना फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि फाइल वाजवली. आवाज तुटला, आणि पलीकडून म्हाताऱ्यांनी पुढची ओळ तिथूनच उचलली. मी ताबडतोब माझ्या मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू केलं. नंतर अखंड असलेलं एक पद वाजलं, तेव्हा त्यांनी थांबवलं. "नाय रे, तसं नाय ते." आणि वेगळीच ओळ म्हटली. मुलगा गोंधळला, बरोबर कुठली? मला दोन्ही बरोबर वाटल्या. डिस्कमध्ये त्या दिवशीचं गाणं तसंच्या तसं राहिलं होतं. म्हाताऱ्यांच्या डोक्यातलं त्यानंतरही मंडळाबरोबर गात राहिलं होतं. दोन्ही ठेवा म्हटलं, तारीख घालून.

जाताना त्यांनी तीन प्रती करून घेतल्या. एक चिपळूणला, एक क्लाउडवर, एक डोंबिवलीच्या बहिणीकडे. आणि मंडळातले आणखी कोण कोण म्हातारे अजून गातात, याची यादी ते बहिणीला फोनवर सांगत बसले होते.