सोळा मार्कांचं उत्तर

कॅप सेंटरवर, म्हणजे विद्यापीठाच्या पेपर तपासणी केंद्रावर, उत्तरपत्रिका आता स्क्रीनवर येतात. नाव नाही, नंबर झाकलेला, मागच्या पानाची शाई पुढच्या पानावर फुटलेली. एम.ए. इंग्रजीला एकच उत्तर पेपरामागून पेपरात येत राहतं आणि ते कोणत्या गाइडमधलं आहे, हे पहिल्या वाक्यालाच कळतं.

त्या दिवशीचा प्रश्न दक्षिण आफ्रिकी लेखक फास्वाने म्पे यांच्या 'वेलकम टू अवर हिलब्रो' या २००१च्या कादंबरीतल्या स्थलांतरावर होता. तिरागालोंग गावचा रेफेन्त्शे जोहान्सबर्गला शिकायला येतो आणि हिलब्रोत नात्यातल्या भावाकडे उतरतो. हिलब्रो म्हणजे वर्णभेदाच्या कायद्यानं गोऱ्यांसाठी राखलेली उंच इमारतींची वस्ती. पुढे तिथं खेड्यापाड्यांतून आणि आफ्रिकेतल्या इतर देशांतून माणसं आली. भाऊ पोलिसात. दुसऱ्या आफ्रिकी देशाची टीम युरोपशी खेळत असली, तर हा युरोपच्या बाजूनं! गुन्हे, एड्स, सगळं परक्यांनी आणलं, असं त्याचं ठाम मत. रेफेन्त्शे शेवटी विसाव्या मजल्यावरून उडी मारतो, आणि बहुतेक कादंबरी त्या मेलेल्या मुलाला 'तू' म्हणत सांगितली आहे.

एका उत्तरपत्रिकेत विद्यार्थ्यानं थेट त्या भावालाच गाठलं होतं. इंग्रजी मोडकं, पण लिहिणारा कुठंही अडलेला नव्हता. मतलब असा: तुझ्याकडे रेफेन्त्शे उतरला, तसा मी चाकणला मावसभावाकडे उतरलो. तो कंपनीत लाइनवर आहे. बिहारच्या पोरांनी कामं खाल्ली, असं रोज जेवताना म्हणतो. पण आम्ही मराठवाड्याचे म्हटल्यावर दोन घरमालकांनी आम्हाला खोली नाकारली, ते त्याला आठवत नाही. इथं 'आउटसायडर्स' खोडून वर 'वी' केलं होतं. मग तो रेफिल्वेकडे वळतो. गावाकडून परक्यांना नावं ठेवणारी ही मुलगी ऑक्सफर्डला जाते, तिथं स्वतः परकी ठरते, एका नायजेरियन माणसाच्या प्रेमात पडते आणि मरायला गावी परतते. 'भाऊ, तुलाही एकदा कुठंतरी पाठवायला हवं होतं,' असं त्यानं लिहिलं होतं.

मी तेरा दिले. इतके मार्क सहसा माझ्या हातून सुटत नाहीत.

तपासलेले पेपर पुन्हा बघणाऱ्या मॉडरेटर मॅडमनी सात केले. मी त्यांच्या टेबलाशी गेलो. त्या म्हणाल्या, "सर, हे पत्र आहे, उत्तर नाही. मॉडेल आन्सरमधले मुद्दे कुठायत?" मुद्दे सगळे होते: खेडं-शहर, परक्यांचा द्वेष, एड्स, कुचाळक्या. फक्त त्यांना मथळे नव्हते. मी म्हटलं, मॅडम, कादंबरीच अशी सांगितलीय, पोरानं तिचं निवेदन ओळखलंय, हे तर दोन मार्क जास्तीचं. त्यांनी विचारलं, "कसं सांगितलीय?" कादंबरी त्यांनी वाचलेली नव्हती! वर्षानुवर्षं आपण मुलांना 'स्वतःचं लिहा' म्हणतो आणि एखाद्यानं लिहिलं की त्याला बसवायला रकाना सापडत नाही. याचा मला मनस्वी राग येतो.

मी केंद्रप्रमुखांना लेखी टिपण दिलं, निवेदनपद्धतीचा मुद्दा पानांच्या क्रमांकांसह. "बघतो" म्हणाले. निकाल लागला, आणि नंबर झाकलेला असल्यानं मार्क बदलले का, हे मला कळायची सोय नाही. पास झालेला मुलगा पुनर्मूल्यांकनाची फी भरेल, असंही वाटत नाही. भरलीच, तर त्या टिपणाची एक प्रत माझ्याकडे आहे.