आधी पन्नास पाने, मग भांडी

काल दुपारी मोरीत भांडी तशीच होती, वाळलेल्या कपड्यांचा ढीग पलंगावर पडला होता आणि मी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून आणलेले जाडजूड आत्मचरित्र घेऊन खिडकीपाशी बसले होते. १८९३ साली स्थापन झालेल्या या संस्थेतून पुस्तक घरी येते, तेव्हा आधीच्या वाचकांची सोबतही येते. कोण्या अनोळखी हाताने पिवळ्या पडलेल्या पानावर ओढलेली पेन्सिलीची बारीक रेघ पाहून मी त्या ओळीवर हमखास रेंगाळते. शिवाय ते परत करायचे असते. ती मुदतच मला वाचायला बसवते, कारण विकत घेतलेली पुस्तके ‘पुढे कधीतरी’ म्हणून वर्षानुवर्षे कपाटात राहतात.

माझ्या आईला वाचनाची विलक्षण ओढ होती, परंतु सगळे आवरल्यावरच पुस्तक हाती घ्यायचे हा तिचा नियम होता आणि घरकाम कधीच संपत नसल्यामुळे रात्री दोन पानांतच तिचे डोळे मिटत. (ते आठवले की आजही जीव कळवळतो.) म्हणून मी क्रम उलटा केला आहे. काल मात्र पन्नासाव्या पानावर थांबवेना; शेवटचे प्रकरण संपले, तेव्हा बाहेर अंधारले होते आणि मुलाने कुकर लावला होता.