लेबल चुकलंय, मी पैज लावायला तयार होतो

सकाळपासून मायक्रोस्कोपला डोळे लावून बसलेलो. उंदरांच्या ॲड्रिनल (किडनीवर बसणाऱ्या, हॉर्मोन बनवणाऱ्या) ग्रंथींच्या स्लाइड्स, किती पेशी विभागतायत ते मोजायचं. केआय-६७ (विभागणाऱ्या पेशीत असणारं प्रथिन) चं स्टेनिंग, म्हणजे विभागणारी पेशी तपकिरी ठिपका दिसते, बाकी सगळं फिकट निळं. स्लाइडवर नुसता नंबर असतो, गट मॅडमच्या वहीत, मोजणाऱ्याला कळू नये म्हणून. पण खरं सांगू का, नर-मादी लपत नाहीच. मादीची ग्रंथी मोठी, ठिपके जास्त, आणि आत मेड्युलाला, म्हणजे ग्रंथीच्या गाभ्याला, लागून एक्स-झोन, बारीक गडद पेशींचा पट्टा. नरात तो वयात येताना जातो, मादीत पहिल्या गर्भारपणात.

मग आली १४ नंबर. ग्रंथीच्या बाहेरच्या कवचाखाली ठिपकेच ठिपके. आत बघितलं तर पट्टाही होता, जरा पातळ, पण होता! मी बिनधास्त बाजूला 'मादी' लिहून टाकलं.

मित्र म्हणाला, अरे या बॅचमध्ये मादी नाहीच आहे, सगळे नर. मी म्हटलं मग तूच डब्या अदलाबदल केल्यास. तो भडकला, आणि बरोबरच होतं त्याचं, किडनीवरच्या चरबीत दडलेला तो दोन-तीन मिलिमीटरचा दाणा न फाडता सोडवून काढायचा म्हणजे चेष्टा नाही, आणि त्याने सगळे एकट्याने काढलेले.

आवाज ऐकून मॅडम आल्या, वही उघडली. १४ म्हणजे वृषण काढलेला नर. आणि ९ नंबर, ज्यात मी ठिपके शोधून शोधून दमलो होतो, तोही वृषण काढलेलाच, फक्त त्याला वरून डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, म्हणजे नर हॉर्मोनच, दिलेलं.

मी गप्प. २०१९ चा पेपर वाचलेला होता की, मादी उंदरात कॉर्टेक्सचा (गाभ्याभोवतीच्या बाहेरच्या भागाचा) मुख्य थर साधारण ३ महिन्यांत नवा होतो, नरात ९ लागतात, कारण अँड्रोजेन, म्हणजे नर हॉर्मोन, कवचातल्या मूळ पेशींना कामाला लागू देत नाही. तरी डोक्यात पक्कं बसलेलं की मादीचे हॉर्मोन ढकलत असणार. इथे तर उलट, नरालाच धरून ठेवलेलं, हात सोडला की हा सुटला!

मॅडमनी वही मिटली. म्हणाल्या, आता तुला गट कळले, मोजणी बाद, उद्या नवे नंबर टाकते. मित्र इतका हसला म्हणून सांगू.