गोदामाचा आवाज

जळगाव जिल्ह्यातल्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगचं गोदाम मला जानेवारीत आठवडाभर मिळालं. ३० मीटर लांब, साडेआठ मीटर रुंद, दगडी भिंती, वर पत्रा. आत शिरून टाळी वाजवली आणि तिची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, मोजली, तर चार सेकंद! अशी जागा सापडली की मला तहानभूक राहत नाही.

मी जागेच्याच आवाजातून कलाकृती करतो. या कामात बाहेरून कुठलाही आवाज आणायचा नसतो. माईकनं जागा ऐकायची, स्पीकरनं तेच जागेला परत द्यायचं. लग्नाच्या मांडवात माईक शिट्टी मारतो, त्याच्या केसभर अलीकडे व्हॉल्यूम रोखून धरायचा. मग कुणी खाकरलं, चप्पल घासली तरी त्यातले त्या भिंतींना मानवणारे सूर तेवढे उरतात, बाकीचं गळून जातं. ॲल्विन लुसिए या अमेरिकन संगीतकारानं १९६९मध्ये स्वतःचं बोलणं खोलीत वाजवून पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रित केलं होतं. शेवटी शब्द विरघळले आणि खोलीचा सूर राहिला. गावातल्या माणसांच्या बोलण्याचं तसंच काही त्यांच्यासमोर व्हावं, एवढीच माझी इच्छा होती.

चार रात्री जागून सहा माईक आणि आठ स्पीकर जुळवले. दुपारी पत्रा तापला की आवाजाचा वेग वाढतो आणि गोदामाचे सूर कानाला कळतील इतके वर सरकतात. त्याचीही सोय केली होती. पहाटे मी नुसतं ‘अं’ म्हटलं तरी तो सूर भिंतीभिंतीनं फिरून परत येत होता.

रविवारी दुपारी लोक आले. १२५ तरी असतील, लेकरंबाळं धरून. बोलले, हसले, पोरांनी आरोळ्या ठोकल्या. गोदाम ढिम्म. मी केबल तपासल्या, माईक एकेक करून तपासले. सगळं चालू होतं. हात थरथरत होते माझे.

तेव्हा एक म्हातारे गृहस्थ जवळ आले. तिथे अनेक वर्षं हमाली केलेले. त्यांना सगळे आप्पा म्हणत होते. ते म्हणाले, “भाऊ, हे गोदाम कधी बोललंच नाही. आम्ही होतो तेव्हा गाठी पत्र्यापर्यंत लागलेल्या. दारातून हाक मारून उपयोग नसायचा, आत जाऊन माणसाच्या खांद्यावर हात ठेवावा लागायचा.”

कापूस! तो आवाज गिळतो, आणि माणसंही. १८९५च्या सुमारास हार्वर्डमध्ये वॉलेस सॅबिन हा भौतिकशास्त्रज्ञ हेच मोजत होता. जवळच्या नाट्यगृहातल्या गाद्या रात्री उचलून एका व्याख्यानगृहात आणायच्या, आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं, सकाळच्या आत गाद्या परत. त्यातूनच आस किती टिकेल ते सांगणारं त्याचं सूत्र निघालं. एक उभा माणूस साधारण अर्धा चौरस मीटर उघड्या खिडकीतून निघून जाईल इतका आवाज गिळतो. मी मनातल्या मनात हिशेब केला. १२५ माणसांनी चार सेकंदांचे दोन केले होते. मी रात्री जुळवलं होतं ते गोदाम वेगळं होतं आणि लोक ज्यात उभे होते ते वेगळं.

व्हॉल्यूम वाढवता आला असता. पण लोक बाहेर पडायला लागताच कानठळ्या बसवणारी शिट्टी सुटली असती. मी काहीच केलं नाही. लोकांना चहा घ्यायला अंगणात बोलावलं.

निम्मी माणसं दाराबाहेर गेली असतील, तोच मागून एक बारीक घुमारा उठला. चपलांचा आवाज होता, लांबलेला. दारातल्या बायका थबकल्या, वळल्या, पाहायला परत आत आल्या, आणि घुमारा बसला. पुन्हा बाहेर गेल्या, पुन्हा उठला. पोरांच्या हे मोठ्यांच्या आधी लक्षात आलं. मग दहा-दहाच्या टोळ्या करून त्यांनी आत-बाहेर सुरू केलं. आत किती जण असले की गोदाम बोलतं, ते ती ओरडून मोजत होती. मी चार रात्री ज्याच्यामागे होतो ते त्यांनी पाऊण तासात हाताशी आणलं.

संध्याकाळी सगळे पांगल्यावर आप्पा एकटे आत गेले आणि मधोमध उभे राहिले. मी दारातच थांबलो. गाठी मोजताना ‘एक’ऐवजी ओरडत असतील तसे ते खड्या आवाजात ओरडले, “लाभ!”

तो शब्द पत्र्याखालून फिरला, त्यातली अक्षरं गेली, नुसता सूर उरला. तो पुरता विरेपर्यंत आप्पा मान वर करून ऐकत राहिले. मग म्हणाले, “दोन!”