पहिली गाडी, वय 39: 412 किलोमीटरची नोंद

412 किलोमीटर झाले. त्यात एक क्लच लिव्हर मोडला, एक आरसा सैल झाला आणि इंजिन किती वेळा बंद पडलं याचा हिशेब मी दुसऱ्याच आठवड्यात सोडून दिला. गाडी: स्प्लेंडर प्लस, 2018 ची, काळी, सेकंडहँड. चालवणारी: पाच फूट दोन इंच, याआधी फक्त सायकल, तीही नववीपर्यंत. गाव: सातारा, म्हणजे जिथे सपाट रस्ता शोधावा लागतो.

नवशिक्यांसाठी गाडी निवडण्याचा भाग जरा सविस्तर लिहिते, कारण माझे तीन महिने त्यातच गेले.

घरात आणि ऑफिसात सगळ्यांचं उत्तर तयार होतं, ॲक्टिवा घे. बाईमाणूस म्हटलं की प्रश्न तिथेच संपतो. धाकट्या दिराचं मत वेगळं: "वहिनी, घ्यायचीच तर बुलेट घ्या, एकदाच काय तो खर्च." मी सगळीकडे जाऊन नुसती बसून आले. बुलेटवाल्या रॉयल एनफिल्डच्याच क्लासिक 350 च्या सीटची उंची 805 मिलिमीटर, वजन 195 किलो. बसले तेव्हा दोन्ही टाचा हवेत. सेल्समन म्हणाला, "सवय होते मॅडम." एवढा वेळ हँडल त्यानेच धरलं होतं, हे त्याच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं. हंटर 350 जरा बुटकी, 790, पण 181 किलो एकदा कलले की माझ्याच्याने सावरणार नाहीत.

खरं आश्चर्य ॲक्टिवावर वाटलं. कागदावर साधारण 765, सगळ्यांत कमी, तरी माझे चवडेच टेकत होते. मग शेजाऱ्यांच्या स्प्लेंडरवर बसले, 785, आणि तळवे जवळजवळ पूर्ण खाली! उंची मोजतात ती जमिनीपासून सीटपर्यंत, पण पाय सीटच्या कडेवरून खाली येतात. स्कूटरची सीट रुंद, खाली फूटबोर्डही रुंद, म्हणून मांड्या फाकतात आणि दोन इंच तिथेच खर्च होतात. स्प्लेंडरची सीट पुढे निमुळती आहे. तेव्हा आकडा वाचून गाडी ठरवू नका. जे बूट घालून रोज जाणार तेच घालून बसा, आणि शोरूमवाल्याला हँडल सोडायला सांगा.

स्कूटरची बाजूही मांडायला हवी. चढावर थांबायचं असेल तर स्कूटर हजार पटींनी सोपी. दोन्ही ब्रेक हातात, त्यामुळे दोन्ही पाय मोकळे. गिअरच्या गाडीत उजवा पाय मागच्या ब्रेकवर अडकलेला, म्हणजे सगळा भार एकट्या डाव्या पायावर. रोज मंडई, शाळा, बँक एवढंच असतं तर मी डोळे झाकून ज्युपिटर घेतली असती (तिची पेट्रोलची टाकी सीट न उघडता भरता येते, हे ज्यांच्या डिकीत कायम भाजी असते त्यांनाच कळेल). पण मला कासच्या पुढे बामणोलीपर्यंत जायचंय. ॲक्टिवाचं पुढचं चाक 12 इंची, मागचं 10. स्प्लेंडरची दोन्ही 18 इंची. पावसाळ्यानंतरच्या खड्ड्यात 10 इंची चाक उतरतं, 18 इंची बहुतेक वेळा वरून जातं. शिवाय गिअरच्या गाडीच्या लायसन्सवर बिनगिअरची चालवता येते, उलट चालत नाही.

सेकंडहँड का, तर पडणार हे नक्की होतं. 44 हजारांना मिळाली. गॅरेजवाले काका सोबत आले होते. ते आधी गाडीकडे गेलेच नाहीत, म्हणाले, "ताई, पहिलं आरसी बुक बघा, बँकेचा बोजा उतरलाय का." उतरलेला होता. मग मेन स्टँड लावून त्यांनी पुढचं चाक अधांतरी केलं आणि हँडल सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवलं. मधोमध खटकन अडकलं तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेलं समजायचं. शॉकअपच्या (धक्के शोषणाऱ्या शॉक ॲब्झॉर्बरच्या) नळीवर बोट फिरवून तेल येतं का पाहिलं, चेनला मागे ओढून स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यावर बसते त्या चाकाचे, दात पाहिले. शेवटी मागच्या टायरवरचा चार आकडी शिक्का दाखवला: 1418. म्हणजे 2018 चा चौदावा आठवडा. नक्षी शिल्लक होती, पण रबर वाळून कडांना बारीक चिरा. त्यावर दीड हजार कमी झाले, वर सांगितलेली किंमत त्यानंतरची. गाडी नावावर करण्याच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी एप्रिल 2019 च्या आधीची असेल तर नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट बसवली आहे का, तेही विचारा.

शिकण्याची प्रगती. पहिले आठ दिवस मैदानावर, फक्त क्लच. ॲक्सिलरेटर न देता, नुसता क्लच हळूहळू सोडत पहिल्या गिअरवर गाडी चालवायची. कुठल्या बिंदूला गाडी ओढायला लागते ते डाव्या बोटांना कळेपर्यंत दुसरं काही नाही. कंटाळवाणं आहे, पण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. तिथेच चौथ्या दिवशी वळताना पुढचा ब्रेक दाबला आणि आडवी झाले. लेगगार्डमुळे पाय वाचला, क्लच लिव्हर गेला. 110 किलोच्या आसपासची गाडी मी एकटीने उचलली: गिअरमध्ये ठेवायची, गाडीकडे पाठ करून बसायचं, एका हातात हँडल, दुसऱ्या हातात मागची पकड, आणि पायांच्या जोरावर मागे मागे सरकत उठायचं. त्या दिवशी दिराला फोन करून 195 किलोचा विषय कायमचा मिटवला.

तिसऱ्या आठवड्यात पोवई नाक्याहून राजवाड्याकडे चढताना पुढे एसटी थांबली. मी थांबले. रस्त्याची कड डावीकडे उतरती, त्यामुळे डावा पाय जिथे टेकायचा तिथे जमीनच चार बोटं खाली. मागे रिक्षा, तिचा हॉर्न. क्लच सोडला, बंद. परत, बंद. गाडी वीतभर मागे गेली तेव्हा पोटात गोळा आला. तिसऱ्यांदा मागचा ब्रेक दाबूनच ठेवला, किंचित ॲक्सिलरेटर दिला, इंजिनचा आवाज जड होऊन गाडी पुढे झुकेपर्यंत क्लच आणला आणि मगच ब्रेक सोडला. गेली! आता थांबताना रस्त्याच्या मधल्या उंचवट्याकडे थांबते, डाव्या उताराकडे नाही.

गेल्या रविवारी यवतेश्वरचा घाट. थंडीत कार्ब्युरेटरची गाडी चोक ओढल्याशिवाय उठत नाही, दोन मिनिटं तिची मनधरणी केली. चढताना तिसऱ्यावर दम लागला की दुसरा, एवढंच. उतरताना पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकणारे बरेच दिसले. मी दुसऱ्यावरच उतरले, इंजिन स्वतः गाडी धरून ठेवतं. दोन्हीकडे ड्रम ब्रेक आहेत, ते सतत दाबून तापले की पकड सोडतात. एका वळणावर दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवलेली माझ्याचसारखी काळी स्प्लेंडर मागून आली. त्या मामांनी माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं आणि हसत पुढे गेले. कॅनसकट, माझ्या दुप्पट वेगाने.

बाकी कामं: चेनला तेल, मागचा ब्रेक थोडा आवळणे आणि 1418 ला निरोप. 2.75-18 चा नवा टायर सांगून ठेवलाय, शनिवारी बसेल. तोवर घाट बंद.